रागावायला माणूस पाहिजे

ऑफिसात मला तापट म्हणतात. आईला ते पटत नाही. ती सांगते, लहानपणी मांजर दुधात तोंड घालताना दिसलं तरी ही पोरगी 'अगं, नको ना' एवढंच म्हणायची. आईचं खरं आहे. मला रागावायला एका बाईंनी शिकवलं. जयपूरला, शास्त्री नगरातल्या एका छोट्या बागेत, संध्याकाळच्या वेळी, आणि सरावासाठी स्वतःलाच माझ्यापुढे बसवून.

ते दृश्य बाहेरून कसं दिसत असेल याची मला आजही लाज वाटते. पन्नाशीकडे झुकलेली, चापूनचोपून साडी नेसलेली आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेली एक बाई बाकावर ताठ बसलेली. समोर मी, किडकिडीत, हातवारे करत तिच्यावर ओरडतेय. आणि ती हात जोडून, मान हलवत, अगदी तृप्त चेहऱ्यानं ऐकतेय. एकदा फिरायला आलेल्या एका आजोबांना राहवलं नाही. काठी टेकत जवळ येऊन ते मला म्हणाले, "बेटी, बड़ों से ऐसे बात करते हैं?" मी जागच्या जागी मेले. काकूंनी मात्र त्यांनाच दटावलं, "अंकलजी, आप बीच में मत बोलो. बड़ी मुश्किल से गुस्सा आया है इसको, अब चला जाएगा." त्यानंतर ते आजोबा आम्ही दिसलो की लांबूनच वळायचे.

काकू म्हणजे माझ्या नात्यातली कोणी नव्हे. विद्यापीठात एम. ए. इतिहासाच्या वर्गातली माझी मैत्रीण. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लग्न करून फौजेतल्या नवऱ्याबरोबर बाहेर पडली ती सगळा देश फिरून शेवटी जयपूरला येऊन थांबली. नवरा सुभेदार म्हणून निवृत्त झाला, मुलं आपापल्या वाटेला लागली, आणि बाईंनी पत्रानं बी. ए. करून एक दिवस आमच्या वर्गात पहिल्या बाकावर डबा ठेवला. मी सवयीनं 'काकू' म्हटलं. ते ऐकून सगळा वर्ग त्यांना 'काकूजी' म्हणायला लागला. प्राध्यापकसुद्धा हजेरी घेताना आधी नाव घ्यायचे आणि मग चुकल्यासारखे 'काकूजी' म्हणायचे.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, पण माझे बाबाही फौजेत, त्यामुळे माझं शिक्षण गावोगावच्या इंग्रजी शाळांत झालेलं. काकूंना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला चहाच्या थडीवर, म्हणजे टपरीवर, नेलं, कचोरी खायला घातली आणि माझ्याकडे बाजारात म्हैस पारखावी तशा नजरेनं पाहत राहिल्या. तो चहा मला पुढे फार महागात पडणार होता, हे तेव्हा कळलं नाही.

त्या काळात आमच्या विद्यापीठात इंग्रजीचं शिक्षण वर्गात कमी आणि कडुनिंबाच्या झाडांखाली जास्त चालायचं. ज्याच्या-त्याच्या कानात इअरफोन आणि ज्याच्या-त्याच्या ओठांशी फोन. खेड्यापाड्यांतून आलेली, हिंदी माध्यमात शिकलेली हुशार मुलं-मुली. माणसांसमोर इंग्रजी बोलायचं म्हटलं की त्यांचे कान लाल व्हायचे, पण फोनसमोर ती भडाभडा बोलायची. शेखावाटीची आमची एक मैत्रीण सांगायची, "यह हँसता नहीं है ना, इसलिए." मला ते कारण फार खरं वाटायचं. कोणाच्या चुकीला कोणी हसलं की त्याचं तोंड किती वर्षांसाठी बंद होतं, हे आमच्या वर्गात बसून सहज दिसत होतं.

काकूंच्या फोनवर तीन ॲप होती आणि तिघांशी त्यांचं वेगवेगळं नातं होतं. एकात एक खार होती. रोज धडा केला की ती नाचायची आणि एखादा दिवस चुकला की डोळ्यांत पाणी आणून बसायची. बाकी सगळे त्या खारीला घाबरून होते, लग्नाच्या मांडवातून उठून धडा करून यायचे. काकू म्हणायच्या, "रडणाऱ्या मास्तराला कोण भ्यायलंय? रड म्हणावं." दुसरं ॲप उच्चार तपासायचं. त्याला त्यांनी 'डागदर' नाव ठेवलं होतं, कारण ते सारखं तोंड उघडायला लावायचं. आणि तिसऱ्यात एक बाई होती. खरीखुरी नव्हे, आतून बोलणारी. तिच्याशी कशावरही गप्पा मारता यायच्या. बाई आवडत्या सुट्टीबद्दल विचारायची, आवडत्या खाण्याबद्दल विचारायची. काकू तिला पाण्याबद्दल सांगायच्या.

हे पाण्याचं प्रकरण सांगायलाच हवं. कोणताही किल्ला पाहिला की काकूंचा एकच प्रश्न असायचा, पाणी कुठून यायचं? बदलीच्या प्रत्येक गावी क्वार्टरात शिरल्याबरोबर त्या आधी नळ बघायच्या, आणि तीच नजर त्यांनी इतिहासाला लावली होती. "राजा लढला कधी आन मेला कधी, ते सगळीच सांगत्यात. पर एवढी माणसं वर ऱ्हायची, तर त्यांच्या आंघोळीचं पाणी कोण चढवत हुतं, ते सांग की." आमेरच्या किल्ल्यावर खालच्या तलावातून पाणी टप्प्याटप्प्यानं वर कसं नेत, हे त्यांनी पुस्तकांतून आणि जिने झिजवून शोधून काढलं होतं. आणि त्यांना हे सगळं येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना सांगायचं होतं. किल्ला दाखवणारी गाइड व्हायचं होतं. त्यासाठी परवाना लागतो, परवान्यासाठी मुलाखत असते, आणि परदेशी पाहुण्यांची गाइड व्हायचं तर ती मुलाखत इंग्रजीत.

एकदा मी त्यांना विचारलं, हिंदीत सांगा ना, इंग्रजीच कशाला. त्या हसल्या. "फौजेत बायकांची मीटिंग असती बघ. साहेब लोकांच्या बायका इंग्रजीत बोलायच्या, आन मी समोशाची ताटं फिरवत हसायची. काय कळायचं न्हाय, तरी हसायची. हसून हसून गाल दुखायचं ग. आता एकदा मी बोलणार, आन दुसरी माणसं हसत बसूद्यात."

घरी मात्र गोष्ट इतकी सोपी नव्हती. सुभेदारसाहेबांना गावी जायचं होतं. तिथं जागा होती, भाऊबंद होते, आणि आयुष्यभर ज्या घराची स्वप्नं पाहिली ते अजून बांधायचं होतं. त्यांची काळी लोखंडी पेटी, पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा लिहिलेली, बाहेरच्या खोलीत दाराशीच ठेवलेली असायची. काकूंनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं की परवाना मिळाला तर जयपूर, नाही मिळाला तर गाव. "जलम गेला त्या पेटीच्या मागनं चालत," त्या मला म्हणाल्या होत्या. "आता एकदा ती पेटी माझ्यासाठी थांबूद्या."

रागावण्यासाठी माझी नेमणूक झाली ती या फोनमधल्या बाईमुळे. एके दिवशी काकू ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसल्या, चेहरा घाबराघुबरा. म्हणाल्या, "ऐक आता." आणि त्यांनी बाईला इंग्रजीत सांगितलं की आमेरचा किल्ला माझ्या नवऱ्यानं गेल्या दिवाळीत बांधला. बाई लगेच गोड आवाजात म्हणाली, वा, किती छान, तुम्हाला त्यांचा फार अभिमान वाटत असेल. वर 'टिंग' असा आवाज झाला आणि पडद्यावर चांदण्या उडाल्या.

मी पोट धरून हसले. काकू हसल्या नाहीत.

"म्हंजे मी खोटं सांगितलं तरी हिला चालतंय," त्या म्हणाल्या. "उद्या पावण्यांना मी कायबी सांगीन, आन ती बिचारी व्हय व्हय म्हणत ऱ्हातील. मला कळणार कसं? ही रागवतच न्हाय ग. उस्तादाबिगर कोणी ड्रिल शिकलंय का? आमचं हे सांगत्यात, उस्ताद शिव्या घालायचा, तवा कुठं पाऊल नीट पडायचं. कौतुक करायला फोन हाय. मला रागावायला माणूस पाहिजे."

फौजेत कवायत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तर मी उस्ताद झाले. नियम काकूंनीच केले. त्या दिवसभरात ॲपवर जे शिकल्या ते संध्याकाळी मला म्हणून दाखवणार. मी फक्त चुका काढायच्या, तेही रागावून, आणि मराठीत, कारण इंग्रजीतलं रागावणं त्यांना लागत नव्हतं. कौतुकाचा एक शब्द काढायचा नाही.

मला जमेना. मी म्हणायची, "काकू, इथं थोडं चुकलं बहुतेक." त्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. "हे रागावणं हाय? ही तर विनंती झाली! आवाज काढ. कोल्हापूरची ना तू?" मग त्याच मला करून दाखवायच्या. कमरेवर हात, भुवया वर, आणि असा आवाज की झाडावरची पाखरं उडावीत. हळूहळू माझाही आवाज वर चढायला लागला, पण आतून मी नाटक करत होते आणि ते त्यांना कळत होतं. "अजून न्हाय आलं तुला," त्या निघताना म्हणायच्या. जणू परीक्षा माझी होती.

मुलाखतीच्या दिवशी मी आणि सुभेदारसाहेब बाहेर झाडाखाली उभे होतो. साहेबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि ते येरझाऱ्या घालत होते. मला काळजी नव्हती. काकूंचा अभ्यास चोख होता, बाईनं आणि डागदरनं त्यांना केव्हाच पास केलं होतं. त्या बाहेर आल्या तेव्हा चेहऱ्यावर काही दिसेना. नीट चालत आल्या, पाणी प्यायल्या आणि मग मला म्हणाल्या, "मी थांबली ग."

"थांबलात म्हणजे?"

"एक वाक्य बोलली आन थांबली. टिंग वाजायची वाट बघत. दुसरं बोलली, परत थांबली. त्यास्नी वाटलं संपलं हिचं, मग त्यांनी पुढचं विचारलं. पाण्याचं विचारलं हुतं ग त्यांनी! सगळं पोटात हुतं माझ्या. तलावापर्यंत आली आन तिथंच थांबली." मग त्यांनी उजवा हात वर केला. रिकामा तळहात हनुवटीखाली धरलेला, फोन धरावा तसा. "आन हा हात. सगळा वेळ हा असा. एक साहेब म्हणाले, मॅडम, जरा ज़ोर से बोलिए. मी अजून वाकून हाताशी बोलायला लागली."

आम्ही तिघंही हसलो. साहेबसुद्धा. रिक्षा करून त्यांना घरी पाठवलं तेव्हाही त्या हसतच होत्या, म्हणून मी निर्धास्त राहिले.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागला. काकू विद्यापीठात यायच्या बंद झाल्या. फोन केला की साहेब उचलायचे. शेवटी एकदा तेच म्हणाले, "बेटा, ती फोन उघडतच नाही. म्हणते, पेटी भरा. पेटी भरायची म्हणून मी खूश व्हायला पाहिजे ना? पण घरात आवाज नाही गं. जेवण जात नाही मला." गावी जायची एवढी ओढ असलेला माणूस हे बोलत होता.

मी शास्त्री नगरात गेले. पेटी उघडी होती. काकू चादरींच्या घड्या घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये. चहा टाकते." आणि मग, घडी घालता घालता, अगदी सहज, "बरंच झालं म्हण. हे वय का हाय त्याचं. गाव तर गाव. समोशाची ताटं तिथंबी फिरवता येतील."

ते ऐकलं आणि मला काय झालं कोण जाणे. मी त्यांच्या हातातली चादर ओढली आणि ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं, की मी म्हणाले, तुम्ही त्या खारीसाठी शिकत होता का? चांदण्यांसाठी शिकत होता? त्या चढणाऱ्या पाण्याचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे आणि ते पोटात घेऊन गावी जाणार? एक टिंग वाजली नाही म्हणून? लाज नाही वाटत? मला रोज बागेत उभं करून बोंबलायला लावलं ते काय गंमत म्हणून? बोलता बोलता मला रडू फुटलं, पण आवाज खाली आला नाही. स्वयंपाकघराच्या दारात साहेब पातेलं हातात घेऊन थिजल्यासारखे उभे होते.

काकू पलंगावर बसल्या होत्या. हात आपोआप जोडले गेले होते. माझं संपल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर तेच तृप्त हसू आलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता आलं तुला."

त्यांनी चादर परत कपाटात ठेवली. पेटी दाराशीच राहिली, पण झाकण लावून.

पुढच्या रविवारी आम्ही सगळा वर्ग जयपूरबाहेर कानोत्याला बांधावर, म्हणजे तिथल्या धरणावर, गेलो. सहल म्हणून निघालो होतो, पण काकूंच्या डोक्यात वेगळंच होतं. डबे सुटायच्या आधीच त्या बांधाच्या भिंतीवर एका टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि आम्हाला लांब जायला लावलं. अजून लांब, अजून लांब. फोन सगळ्यांचे पिशवीत. मग त्यांनी आम्हाला परदेशी पाहुणे समजून आमेरच्या पाण्याची हकिगत सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य आमच्यापर्यंत पोचलंच नाही. हात हनुवटीखाली गेला होता. मी इकडून ओरडले, "हात! काकू, हात खाली!" हात खाली गेला. दुसऱ्या वाक्यानंतर त्या थांबल्या. मी पुन्हा ओरडले, "कोणाची वाट बघताय? कोणी वाजवणार नाही!"

मग एक मजेदार गोष्ट झाली. काकू म्हणाल्या, आता तुम्हीपण या इथं. एकेकाला त्यांनी भिंतीवर उभं केलं. आणि आमच्या लक्षात आलं की सगळ्यांचं तेच झालंय. इतके दिवस फोनशी बोलून बोलून सगळा वर्ग इंग्रजी कुजबुजायला लागला होता. ॲपवर पहिली येणारी ती शेखावाटीची मैत्रीण भिंतीवर उभी राहिली, एक सुंदर वाक्य बोलली आणि हात हनुवटीशी नेऊन थांबली. आम्ही सगळे हसलो. पण तिचे कान लाल झाले नाहीत, तीही हसली आणि मग दोन्ही हात मागे बांधून मोठ्यानं बोलली. आजूबाजूला सहलीला आलेली कुटुंबं शेव-पुऱ्या खाता खाता आमच्याकडे बघत होती. पाण्यावरून येणारा वारा बोलणाऱ्याचा आवाज उलटा त्याच्याकडेच नेत होता आणि काकू त्या वाऱ्यावर ओरडत होत्या. घसा बसेपर्यंत ओरडल्या.

फोन त्यांनी सोडला नाही, हेही सांगते. माझ्या काही मित्रांना वाटलं, आता काकू ॲप काढून टाकतील. त्या चिडल्या. "का म्हणून? रात-बेरात कोण माझ्याशी बोलत बसलं असतं? माझ्या शंभर चुका तिनं न हसता ऐकून घेतल्या, तवा तर मी तुमच्यापुढं तोंड उघडलं. बाई गुणी हाय. फक्त तिला राग येत न्हाय, ते तिचं नशीब." सकाळी बाई, दुपारी डागदर, संध्याकाळी मी, असा क्रम पुन्हा सुरू झाला. खारीला मात्र त्यांनी खरोखरच निरोप दिला.

दुसऱ्या मुलाखतीपर्यंत एम. ए. संपवून मी कोल्हापूरला परतले होते, त्यामुळे मला यायला जमलं नाही. साहेबांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "बेटा, पेटीत मी कांदे-बटाटे ठेवलेत." मला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मी रस्त्यात उभी राहून रडले.

मग एकदा हिवाळ्यात मी जयपूरला गेले आणि न कळवता आमेर गाठलं. काकू चौकात उभ्या होत्या. तीच साडी, तेच पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र. समोर एक वयस्क परदेशी जोडपं. मी खांबाआड उभी राहून ऐकलं. खालचा तलाव, मडक्यांच्या माळा, रहाट, ते ओढणारे बैल, आणि पाणी एका टप्प्यावरून दुसऱ्यावर चढवणारी माणसं, ज्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. त्यांचं इंग्रजी साताऱ्याचंच होतं, पण एकही वाक्य अडखळलं नाही. आवाज थेट पलीकडच्या कमानीपर्यंत जात होता. दोन्ही हात मोकळे होते आणि पाणी कसं चढलं ते दाखवत होते. ते जोडपं दर वाक्याला मान हलवत हसत होतं.

मी पुढे झाले. काकूंनी मला पाहिलं, बोलता बोलता डोळे मोठे केले, पण हकिगत संपवूनच माझ्याकडे आल्या. मिठीबिठी काही नाही. समोर ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बोल, उस्ताद."

मी म्हटलं, "काकू, फार सुंदर झालं."

त्यांचा चेहरा पडला. खरंच पडला. "आग," त्या हळूच म्हणाल्या, "तूबी ॲप झालीस व्हय?"

मग मी कमरेवर हात ठेवले. आमेरच्या भर चौकात, हत्ती-उंटांच्या आणि फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत, मी त्यांच्यावर ओरडले. बैलांचं सांगताना एवढी घाई कशाला? त्या माणसांबद्दल एकच वाक्य? जी गोष्ट सांगायला एवढा जन्म घालवला ती अशी उरकायची? आता वर, पाणी पोचायचं तिथं जाऊन, परत नीट सांगा! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज पाखरं उडवत होता. काकू हात जोडून, मान हलवत, तृप्त चेहऱ्यानं ऐकत होत्या.

ते परदेशी आजोबा घाबरले. पुढे येऊन त्यांनी विचारलं, मॅडम, सगळं ठीक आहे ना?

काकू वळल्या. खणखणीत इंग्रजीत, साऱ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "ही माझी शिक्षिका आहे. माझी चूक झाली. चला, मी तुम्हाला ते पुन्हा सांगते." आणि कोणाकडेही न बघता त्या जिना चढायला लागल्या.